रॉ फाइल: टिपताना, उघडताना आणि जपताना

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल, कॉम्प्युटरवर उघडली की क्षणभर फोटो झकास दिसतो, रंग भरलेले, कडा धारदार. आणि मग डोळ्यांदेखत फिका आणि मळकट होऊन बसतो. रॉ नव्याने वापरू लागलेल्या जवळपास प्रत्येकाची ही पहिली तक्रार. फाइल बिघडलेली नसते. जवळपास प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेला एक जेपेग, म्हणजे तयार फोटो, असतो. सॉफ्टवेअर आधी तो दाखवतं, मग खरी रॉ वाचून स्वतःच्या हिशेबाने चित्र मांडतं, आणि तो हिशेब कॅमेऱ्याच्या हिशेबापेक्षा सौम्य असतो. अडोबीचं लाइटरूम किंवा कॅमेरा रॉ वापरत असाल तर प्रोफाइलच्या जागी 'अडोबी कलर' बदलून 'कॅमेरा स्टँडर्ड' निवडा, फोटो बराचसा कॅमेऱ्याच्या पडद्यासारखा होईल. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचं एनएक्स स्टुडिओ ही दोन्ही फुकट मिळतात आणि आपापल्या कॅमेऱ्याची सेटिंग वाचून घेतात, त्यामुळे तिथे हा फिकेपणा सहसा येत नाही.

ही एक गोष्ट नीट कळली की रॉचं निम्मं गणित सुटतं. रॉ म्हणजे तयार फोटो नव्हे, ती न धुतलेली फिल्म आहे. धुणार तुम्ही. आणि एकच फिल्म हव्या तितक्या वेळा, हव्या तितक्या तऱ्हांनी धुता येते, मूळ फाइल शाबूत ठेवून.

आत नेमकं काय असतं

सेन्सरच्या पिक्सेलला रंग कळत नाही, उजेड किती पडला एवढंच कळतं. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा एकेक फिल्टर बसवलेला असतो. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांच्या मांडणीत, जिचं पेटंट १९७६चं आहे, दर चार पिक्सेलांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा असतो. बहुतेक कॅमेऱ्यांत आजही हीच मांडणी आहे. फुजीफिल्मच्या एक्स-ट्रान्स सेन्सरमध्ये ६×६ची वेगळी जाळी असते. रॉ फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलचा एकच आकडा लिहिलेला असतो. बाकीचे दोन रंग शेजारपाजारच्या पिक्सेलांवरून काढायचे काम सॉफ्टवेअरचं. त्याला डिमोझेकिंग म्हणतात. एकच रॉ दोन सॉफ्टवेअरांत थोडी वेगळी दिसते ती यामुळेही. एक्स-ट्रान्सची फाइल लाइटरूममध्ये जास्त शार्प केली की झाडांच्या पानांत गांडुळांसारख्या रेघा दिसतात, त्याचं मूळही इथेच आहे.

जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १२ बिट रॉमध्ये ४,०९६ आणि १४ बिट रॉमध्ये १६,३८४. या पायऱ्या सारख्या वाटलेल्या नसतात. १४ बिटांत सर्वांत उजळ स्टॉपला (स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याचा एक टप्पा) ८,१९२ पायऱ्या मिळतात, त्याखालच्याला ४,०९६, मग २,०४८, आणि असं करत सातव्या स्टॉपला येईपर्यंत फक्त १२८ उरतात. त्यात काळोख्या भागात मुळात उजेडच कमी गोळा झालेला असतो. म्हणून अंधारा फोटो नंतर 'उचलला' की नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, वर येतो, आणि 'रॉ आहे ना, नंतर बघू' म्हणून कमी एक्स्पोजर दिलेले फोटो हमखास फसतात.

नंतर बदलता येतं ते व्हाइट बॅलन्स, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस, पिक्चर स्टाइल आणि कलर स्पेस. या फाइलवर चिकटवलेल्या नुसत्या चिठ्ठ्या आहेत. शटर, ॲपर्चर, फोकस बदलता येत नाहीत, आणि आयएसओही बव्हंशी नाही. पिवळ्या सोडियम दिव्याखाली काढलेल्या फोटोत बाकीचे रंगच टिपलेले नसतात, ते रॉमधूनही निघत नाहीत. एलईडीच्या उजेडातले आडवे पट्टेही रॉ घालवत नाही. भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो; तिथे शटर १/५० किंवा १/१०० ठेवायचं, हा त्यावरचा साधा इलाज. काही स्वस्त एलईडी आणि स्टेजच्या एलईडी भिंती याहून वेगळ्या गतीने लुकलुकतात, तेव्हा एक फोटो काढून पट्टे आहेत का ते आधी पाहून घ्या.

कॅमेऱ्यातली सेटिंग

निकॉनमध्ये एनईएफ (निकॉनची रॉ) रेकॉर्डिंगखाली 'लॉसलेस कॉम्प्रेस्ड' आणि १४ बिट निवडा. लॉसलेसमध्ये एकही आकडा हरवत नाही, फक्त फाइल आवळली जाते. २४ मेगापिक्सेल गुणिले १४ बिट म्हणजे ४२ एमबी. लॉसलेसमध्ये तीच फाइल साधारण २५ ते ३० एमबीवर येते. आयएसओ वाढला की फाइलही वाढते, कारण नॉइज आवळता येत नाही. आयएसओ फार वर असेल तर १२ आणि १४ बिटांत फरक दिसत नाही. झेड९पासून आलेला 'हाय एफिशियन्सी' पर्याय जागा खूप वाचवतो, पण तो निवडण्याआधी तुमचं सॉफ्टवेअर तो उघडतं का ते तपासा. मुक्त सॉफ्टवेअरांत तो बराच काळ उघडत नव्हता.

कॅननमध्ये २००४पासून सीआर२ ही रॉ होती. २०१८मध्ये ईओएस एम५०बरोबर सीआर३ आली आणि तिच्यासोबत सी-रॉ. सी-रॉ जवळपास अर्ध्या आकाराची, पण लॉसी, म्हणजे आवळताना काही आकडे गमावणारी. नीट एक्स्पोजर दिलेल्या फोटोत फरक शोधूनही सापडत नाही. तीन-चार स्टॉप उचललेल्या काळोखात मात्र दिसतो. लग्नासाठी सी-रॉ चालेल. रात्रीच्या आकाशासाठी पूर्ण रॉ ठेवा.

सोनीची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण 'लॉसी' म्हणजे काय ते तिच्यात उघड दिसतं. जुन्या 'कॉम्प्रेस्ड' एआरडब्ल्यूत (सोनीची रॉ) एकाच रंगाचे १६ पिक्सेल एका गटात घेतात. त्यातला सर्वांत उजळ आणि सर्वांत काळा असे दोन आकडे ११ बिटांत लिहितात, आणि उरलेले १४ पिक्सेल या दोघांच्या मध्ये कुठे बसतात ते प्रत्येकी ७ बिटांत. गटातले सगळे पिक्सेल एकसारखे असतील तर काहीच बिघडत नाही. पण काळ्या आकाशावर एक लखलखीत तारा असेल तर दोन टोकांमधलं अंतर प्रचंड होतं, ७ बिटांच्या पायऱ्या मोठ्या होतात, आणि ताऱ्याच्या रेघेशेजारी बारीक ठोकळे उठतात. २०१५मध्ये सोनीने 'अनकॉम्प्रेस्ड' दिलं, आणि २०२१च्या अल्फा १पासून लॉसलेस. तुमच्या कॅमेऱ्यात लॉसलेस असेल तर तेच निवडा. नसेल तर तारे, आतषबाजी, रात्रीचे दिवे यांच्यासाठी अनकॉम्प्रेस्ड, बाकी वेळी कॉम्प्रेस्ड पुरतं.

निकॉनचं ॲक्टिव्ह डी-लायटिंग आणि कॅननचं हायलाइट टोन प्रायॉरिटी रॉसाठी बंद ठेवा. हायलाइट, म्हणजे सर्वांत उजळ भाग, वाचवण्यासाठी ही दोन्ही एक्स्पोजर गुपचूप खाली ओढतात आणि जेपेगमध्ये ते भरून काढतात. रॉमध्ये नुसता कमी उजेड उरतो.

पांढऱ्या पंच्याची चाचणी

कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) आणि लुकलुकणारा हायलाइटचा इशारा हे दोन्ही पोटातल्या जेपेगवरून बनतात, रॉवरून नाही. जेपेगवरून उजळ भाग 'उडाला' (तपशील जाऊन नुसता पांढरा झाला) असं दिसतं तेव्हा रॉमध्ये अजून जागा असते, बहुधा अर्धा ते एक स्टॉप. तुमच्या कॅमेऱ्यात नेमकी किती, हे एकदाच मोजून ठेवावं. अर्ध्या तासाचं काम आहे.

खादीचा पांढरा पंचा उन्हात दोरीवर ताणून वाळत घाला. खादीच, कारण विण दिसली पाहिजे. गुळगुळीत कागदावर तपशील गेला की राहिला ते कळत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, मॅन्युअल मोडमध्ये, आयएसओ १००, ॲपर्चर एफ/८, व्हाइट बॅलन्स 'ऊन'वर. स्पॉट मीटर पंच्यावर धरा आणि शटर बदलत मीटर शून्यावर आणा. इथे पंचा करडा दिसेल, ते बरोबर आहे. आता तिथून +१ २/३ स्टॉपपासून +४ स्टॉपपर्यंत, १/३ स्टॉपच्या पायरीने आठ फोटो काढा. पडद्यावर पंचा कितव्या फोटोला लुकलुकू लागतो ते लिहून ठेवा.

आठही फाइली रॉ सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि एक्स्पोजरची पट्टी खाली ओढून सगळे सारखे काळे करा. १०० टक्के मोठं करून विण पाहा. ज्या फोटोत विण शेवटची स्वच्छ दिसते तो तुमच्या सेन्सरचा काठ. पडद्याने इशारा +२ २/३ला दिला आणि विण +३ १/३पर्यंत टिकली, तर तुमच्या हातात २/३ स्टॉप आहे. डार्कटेबल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रॉ क्लिप झालेले (कमाल आकड्यावर अडकलेले) पिक्सेल दाखवणारा वेगळा इशारा आहे, तो चालू केला तर डोळ्यांवर भरवसा ठेवायची गरज नाही. हे मोजमाप आयएसओ १००चं आहे. रोज ८०० किंवा १६००वर काम असेल तर तिथेही एकदा करून पाहा.

हा काठ कळला की एक्स्पोजर ठरवणं सोपं होतं: फोटोत ज्या उजळ भागातला तपशील हवाच आहे तो काठाच्या आत ठेवायचा, आणि तेवढं सांभाळून जमेल तितका उजेड घ्यायचा. सूर्य, बल्ब, गाडीच्या टपावरची चमक उडाली तर उडू द्या, तिथे तपशील नसतोच.

हळद आणि गुलाल

सरासरी हिस्टोग्राम इथे फसवतो. ओली हळद लाल आणि हिरवा उजेड भरपूर परत टाकते, निळा फारच कमी. त्यात मांडवात पिवळे बल्ब असले की लाल चॅनल उजव्या भिंतीला जाऊन टेकतो, आणि तरी तिन्ही रंग एकत्र दाखवणारा पांढरा हिस्टोग्राम मध्यावर निवांत बसलेला दिसतो. नंतर पाहावं तर नवरीच्या गालावरची हळद म्हणजे एक सपाट पिवळा डाग, बोटांच्या खुणा नाहीत, ओलसरपणा नाही. गुलालाचंही तेच.

कॅमेऱ्यात आरजीबी हिस्टोग्राम चालू करा आणि लाल चॅनलकडे पाहून १/३ ते २/३ स्टॉप कमी द्या. धुताना 'स्टँडर्ड'ऐवजी 'न्यूट्रल' प्रोफाइल घ्या, मग फक्त पिवळ्या रंगाचं सॅच्युरेशन आणि ल्युमिनन्स थोडं उतरवा. सगळ्या फोटोचं सॅच्युरेशन उतरवलं तर शालूही मरतो. बऱ्याचदा रॉमध्ये खुणा शाबूत असतात आणि त्या एसआरजीबीमध्ये (पडद्यांच्या नेहमीच्या रंगसंचात) मावत नाहीत म्हणून दिसेनाशा होतात. सॉफ्ट प्रूफ (एक्स्पोर्टनंतरच्या रंगांची झलक) चालू करून मगच एक्स्पोर्ट केलं तर हे आधीच दिसतं.

कार्ड आणि नक्कल

२८ एमबीच्या फाइली धरल्या तर ६४ जीबी कार्डात दोन हजारांच्या आसपास फोटो बसतात. कार्डाच्या वेगाची गरज पडते ती बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) रिकामा होताना. यूएचएस-१ प्रकारच्या कार्डाची मर्यादा १०४ एमबी प्रति सेकंद, प्रत्यक्षात ७०-८० मिळतात, म्हणजे बफर भरल्यावर सेकंदाला अडीच-तीन फोटो. पक्षी आणि खेळ टिपणाऱ्यांना यूएचएस-२ लागतंच, पण कॅमेऱ्याच्या खाचेलाही ते चालतं का ते बघून घ्या. कार्ड फॉरमॅट कॅमेऱ्यातच करायचं, कॉम्प्युटरवर नाही. दोन खाचा असतील तर महत्त्वाच्या कामाला दोन्हीकडे रॉ लिहा.

उतरवताना कार्डावरच्या फाइली 'कट' करू नका, 'कॉपी' करा. दोन वेगळ्या डिस्कांवर नक्कल झाली, दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळला, आणि पंधरा-वीस फाइली उघडून १०० टक्के मोठ्या करून पाहिल्या, की मग कार्ड फॉरमॅट करा. छोट्या चित्रांवर विसंबू नका, ती पोटातल्या जेपेगची असतात; आतली रॉ फुटलेली असली तरी ती छान दिसतात. रॉ उघडल्यावर खालचा अर्धा भाग करडा किंवा गुलाबी पट्ट्यांचा दिसला तर नक्कल होताना बाइट गळले आहेत. कार्ड अजून पुसलेलं नसेल तर दुसरा रीडर, दुसरी केबल घेऊन पुन्हा कॉपी करा. बहुतेक वेळा दोष रीडरचा निघतो.

कार्ड चुकून फॉरमॅट झालं तर त्यावर एकही नवा फोटो काढू नका. कॅमेऱ्याचं फॉरमॅट बहुधा फक्त यादी पुसतं, फाइली तशाच पडून असतात. फोटोरेक हे फुकट सॉफ्टवेअर त्या शोधून काढतं. नावं परत मिळतातच असं नाही. काढलेल्या फाइली त्याच कार्डावर न लिहिता दुसऱ्या डिस्कवर उतरवा.

धुताना

आधी व्हाइट बॅलन्स, मग एक्स्पोजर, मग हायलाइट आणि शॅडो, त्यानंतर रंग, आणि नॉइज व शार्पनिंग सर्वांत शेवटी. व्हाइट बॅलन्स पहिला का, तर त्यात प्रत्येक चॅनलला वेगळ्या आकड्याने गुणलं जातं आणि सगळा हिस्टोग्राम हलतो. उन्हात लाल साधारण दुपटीने आणि निळा दीडपटीने गुणतात, हिरवा तसाच राहतो.

उडालेले ढग गुलाबी का दिसतात याचंही उत्तर यात आहे. सेन्सर भरला की तिन्ही चॅनल एकाच कमाल आकड्यावर थांबतात. मग लाल दुप्पट, निळा दीडपट, हिरवा जागच्या जागी. लाल आणि निळा जास्त म्हणजे गुलाबी-जांभळा. सॉफ्टवेअरमधलं हायलाइट रिकन्स्ट्रक्शन बंद असेल तर ते चालू करा, किंवा 'क्लिप'वर ठेवून पांढरा पत्करा. एकच चॅनल उडालेला असेल तर उरलेल्या दोघांवरून अंदाज बांधता येतो. तिन्ही गेले तर तिथे काहीही उरलेलं नाही.

छपाईसाठी १२×१८ इंचाला ३०० पीपीआयने ३,६००×५,४०० पिक्सेल लागतात. लॅबने जेपेग मागितला तर एसआरजीबी, दर्जा ९०च्या वर. फोटोशॉपमध्ये पुढे काम करायचं असेल तर १६ बिट टिफ.

आता साइडकार. रॉ फाइलमध्ये बहुतेक सॉफ्टवेअर काही लिहीत नाहीत. तुमचे बदल शेजारच्या छोट्या फाइलीत जातात. अडोबीची साइडकार फाइलीच्याच नावाची, शेवटी एक्सएमपी. डार्कटेबल मूळ नाव एक्स्टेन्शनसकट ठेवून त्यापुढे एक्सएमपी जोडतं, आणि रॉथेरपी या सॉफ्टवेअरची पीपी३ असते. लाइटरूम क्लासिक मुळात सगळं कॅटलॉगमध्ये ठेवतं. साइडकार हवी असेल तर कॅटलॉग सेटिंगमध्ये एक्सएमपीत आपोआप लिहिण्याची खूण करावी लागते. फोल्डरमध्ये जाऊन नुसत्या रॉचं नाव बदललं की साइडकार पोरकी होते आणि तासन्‌तासांचं काम दिसेनासं होतं. नाव बदलायचं ते सॉफ्टवेअरच्या आतूनच.

डीएनजी करावं का?

अडोबीने सप्टेंबर २००४मध्ये डीएनजी हा रॉचा प्रकार आणला, त्याचा आराखडा सर्वांना खुला आहे. पेंटॅक्स आणि लायका कॅमेऱ्यातूनच डीएनजी देतात. एक उपयोग निर्विवाद: नवा कॅमेरा घेतला आणि जुनं लाइटरूम त्याची फाइल उघडत नाही, तेव्हा अडोबी डीएनजी कन्व्हर्टर फुकट उतरवून घ्या, फोल्डर निवडा, कम्पॅटिबिलिटीत तुमच्या जुन्या आवृत्तीला चालेल तो पर्याय ठेवा, 'लॉसी कॉम्प्रेशन' बंद, आणि कन्व्हर्ट. काम भागतं.

दुसरा गुण कमी लोकांना माहीत आहे. अडोबीने कन्व्हर्ट केलेल्या डीएनजीत चित्राच्या आकड्यांची ताळ्याची बेरीज (चेकसम) जपून ठेवलेली असते, आणि लाइटरूम क्लासिकच्या लायब्ररी मेन्यूत 'व्हॅलिडेट डीएनजी फाइल्स' चालवलं की डिस्कवर कुजलेल्या फाइली सापडतात. हजारो फोटोंसाठी हे फार मोलाचं आहे.

तोटेही आहेत. कन्व्हर्ट केलेलं डीएनजी कॅमेरा कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा उघडत नाही. त्यात बदल फाइलीच्या आतच लिहिले जातात, त्यामुळे एक चांदणी (पसंतीची खूण) दिली तरी बॅकअपला पूर्ण फाइल पुन्हा उतरवावी लागते. मूळ फाइल आत ठेवली नसेल तर परत एनईएफ किंवा सीआर३ मिळत नाही. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धा शेवटच्या फेऱ्यांत कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागतात, तेव्हा मूळ फाइल हातात हवी. आमचं मत: मूळ रॉ ठेवावी, डीएनजी गरजेपुरतं. उलट बाजूचंही एक उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१५मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बाहेरच्या छायाचित्रकारांना रॉमधून बनवलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातलाच जेपेग पाठवा, असं कळवलं. बातमीचं काम करणाऱ्यांनी रॉ आणि जेपेग दोन्ही लिहावं.

फोनवर

अँड्रॉइडच्या प्रो मोडमधली रॉ बहुधा डीएनजी असते आणि सहसा एकाच फ्रेमची, त्यामुळे रात्री ती फोनच्या जेपेगपेक्षा वाईट दिसते. जेपेगमागे अनेक फ्रेम जोडलेल्या असतात. ॲपलचं प्रोरॉ, २०२०च्या आयफोन १२ प्रोपासूनचं, त्या जोडलेल्या फ्रेम डीएनजीत भरून देतं. १२ मेगापिक्सेलची फाइल सुमारे २५ एमबी, ४८ची सुमारे ७५. ही फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली तर समोरच्याला लहानसा जेपेग मिळतो. ती 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, आणि पोचल्यावर आकार जुळतो का ते समोरच्याला पाहायला सांगा.